मुरुगेसनने आणलेला निरोप

माझे वडील कुंभकोणमला कालव्याचं शटर चालवायचे. सरकारी कागदावर त्यांच्या हुद्द्याला लस्कर म्हणत. लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला मोठ्या कौतुकाने सांगितलं, की सुनेचे वडील लष्करात आहेत. मी ते दुरुस्त केलं नाही. एखादी चुकीची गोष्ट गप्प बसून तशीच राहू द्यायची, ही सवय मला त्याच्याही आधीपासून होती. ती कशी लागली ते आज लिहायला बसले आहे. त्यासाठी साठी उलटावी लागली, यावरूनच काय ते समजा.

गावाच्या पश्चिमेला कावेरीतून तो कालवा फुटतो, गावात शिरतो, देवळांची तळी भरतो आणि घरांच्या परसांमागून, विणकरांच्या आळीला लागून, पूर्वेच्या शेतांकडे निघून जातो. त्याच्या मुखाशी, दगडी पुलाला खेटून आमचं सरकारी क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे बसायला ओटा. पुलावर लोखंडी चौकट होती आणि तिच्यात ते शटर. शटरच्या मधोमध मनगटाएवढा जाड, आटे पाडलेला दांडा. हँडल फिरवलं की दांडा करकरत वर यायचा आणि त्याचे आटे उघडे पडायचे. जितके आटे दिसतील तितकं शटर वर, एवढं साधं गणित. सगळं शटर उचललं की बावीस आटे. कुठल्या दिवशी किती सोडायचे हे ऑफिसातून येई, पण अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी अंथरुणात डोळे मिटूनच पुलाखालचा आवाज ऐकत आणि म्हणत, "आज नऊ आहेत, दहा हवे." मग उठून एक वळसा देऊन येत. आमच्या घरात सगळंच आट्यांत मोजलं जाई. आमटी पातळ झाली की ते आईला विचारत, "काय अक्का, आज बावीस सोडले कीं काय?" तिला मीही अक्काच म्हणे. अक्का पळी आपटे आणि पुढच्या दिवशीची आमटी इतकी घट्ट करी की पळी उभी राहावी.

मी एकुलती एक, त्यामुळे मुलाला शिकवायचं तेही त्यांनी मलाच शिकवलं. पुलावर उभं करून म्हणायचे, "मोज पाहूं, पद्मे. किती सुटले?" मी म्हणे, नऊ. "दहा. खालचा एक ग्रीसखालीं लपला आहे, तो कोण मोजील, तुझा नवरा?" हँडल जड होतं, पण बारा-तेरा वर्षांची झाल्यावर दोन्ही हातांनी लोंबकळून मला ते फिरवता येऊ लागलं. आम्ही घरात जे बोलत होतो ते मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजाबरोबर आलेल्यांचं, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ. पुण्यात माझ्या बोलण्याला लोक हसले, तेव्हा मी ते बोलणं सोडलं. आता हे लिहितेय ते तुमचंच मराठी. अण्णांचं तेवढं त्यांचं ठेवलं आहे.

नदीच्या वरच्या अंगाला, सायकलने पाऊण तासावर मोठ्या बांधाची शटरं होती आणि तिथला लस्कर होता मुरुगेसन. तो आणि अण्णा एकाच महिन्यात नोकरीला लागलेले. काळाकुट्ट, लांब हातांचा, हसला की डोळे पूर्ण मिटणारा माणूस. अण्णांना तो रायर म्हणे, तिकडे आमच्या लोकांना सगळेच म्हणतात, आणि मला पाप्पा, म्हणजे छोटी. दर शुक्रवारी तो केळफूल नाहीतर सांडग्या मिरचीसाठी ताजी मिरची घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा आणि दोघं कॉफी पीत पाण्याविषयी असं बोलायचे जसं दुसरे लोक नातेवाइकांविषयी बोलतात. मुरुगेसनचा पेला वेगळा होता. तो ओट्यावरच्या कोनाड्यात पालथा असे आणि अक्का त्यात वरून कॉफी ओती, पेल्याला भांडं न लावता. मुरुगेसन स्वतःच पेला विसळून जागी ठेवी. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, हे लिहिताना आज माझा हात अडखळतो, पण वाटलं नाही हेच खरं आहे.

त्या दोघांचा एक करार होता, कागदावर नसलेला. मुरुगेसनने वरची शटरं उचलली की ते पाणी दीड तासात आमच्यापाशी येई. म्हणून उचलण्याआधी त्याने निरोप द्यायचा आणि अण्णांनी कालव्याचं शटर मिटायचं. पावसाळ्यात हा दीड तास फार मोलाचा. शटर आधी मिटलं की कालव्यातलं पाणी पुढे वाहून जाई, पोट रिकामं होई आणि मग गावात पडलेला पाऊस त्यात मावे. उशीर झाला तर नदीचा लोंढा शटरवर आदळे आणि ते खाली बसता बसत नसे. बांधावर टेलिफोन होता, पण पहिल्या मोठ्या सरीलाच तो मुका होई. मग मुरुगेसन सायकल काढी. किती पावसाळे असे गेले, पण निरोप चुकला नाही.

आमच्याकडे आजोबांचं श्राद्ध ऐप्पसी महिन्यात, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे, ऐन पावसात येई. त्या दिवशी दारात रांगोळी घालत नाहीत. तिकडे रोज सकाळी प्रत्येक दारात कोलम असतो, त्यामुळे नुसता सारवलेला उंबरा दिसला की रस्त्यावरच्या माणसाला कळतं, आत श्राद्ध आहे, हाक मारू नये. पोस्टमनसुद्धा पत्र फटीतून सारून जाई. त्या वर्षी पाऊस चार दिवस सलग पडत होता. वाढायला मदतीला येणारी माझी आत्या तिरुविसनल्लूरला अडकली, बस बंद होत्या. तेव्हा अक्काने मला सांगितलं, यंदा तू वाढशील. मी पंधरा वर्षांची होते आणि मला आकाश ठेंगणं झालं. पहाटे विहिरीवर अंघोळ, आदल्या रात्रीपासून न वाळलेला सोवळ्याचा परकर तसाच ओला गुंडाळायचा, दात वाजत असले तरी कुणाला काही शिवायचं नाही. स्वयंपाकघरात मिरचीऐवजी मिरीचा वास, कच्च्या केळ्याची भाजी, सुरण, कारलं, उडदाचे वडे, तिळाचे लाडू, आणि मोठ्या पितळी भांड्यात आटत असलेली खीर. त्या वासाने मला आजही भूक आणि भीती दोन्ही एकदम लागतात.

अण्णांनी सकाळीच जाऊन शटर सहा आट्यांवर आणलं होतं. बसण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं, अंतर ठेवूनच, आणि म्हणाले, "हें पाहा पद्मे, मुरुगेसनलाही सांगितलें आहे. तो आला तर मी कायी करीत असलों तरी मला हाक मार. तुझे आजोबा घटकाभर थांबतील. पाणी थांबायचें नाहीं." अक्काने आतून ऐकलं आणि भांडं जरा जोरात ठेवलं.

भटजी आणि दोन ब्राह्मण आले, मंत्र सुरू झाले. मी ताकाचं भांडं आणायला मागच्या पडवीत गेले तेव्हा परसाच्या दाराशी मुरुगेसन उभा दिसला. पुढच्या दाराला कोलम नाही म्हणून तो वळसा घालून मागे आला होता. डोक्यावर पोतं, अंगातून पाणी निथळतंय, धाप लागलेली. "पाप्पा, रायरना सांग. वर चारही शटरं उचलावी लागतायत, पर्यायच नाही. पोरगा हँडलपाशी बसवून आलोय, मला लगेच परत जायला हवं. दीड तास आहे, पण आता लगेच मिटायला सांग. लगेच." मी मान हलवली. तो वळला आणि शेवाळलेल्या पायरीवर त्याचा पाय सटकला. तो पडणार, इतक्यात मी पुढे होऊन त्याचा दंड धरला. विचार करून नाही केलं, तसं कोणीही करील. तो सावरला, माझ्या हाताकडे पाहून घाबरला, आणि म्हणाला, "अय्यो, पाप्पा, तुझं सोवळं." मग सायकलवर बसून गेला.

मी तिथेच उभी राहिले. रीत साधी होती. आत जाऊन सांगायचं, मी शिवले, पुन्हा विहिरीवर अंघोळ करायची आणि कोपऱ्यात बसायचं. वाढायचा मान गेला. आणि मुरुगेसन आला होता असं म्हटलं की अक्काचा पहिला प्रश्न हाच असणार, "शिवलीस कां?" मी मनात ठरवलं, आधी निरोप सांगू नये, थोडं वाढून झालं की युक्तीने सांगावा. दीड तास म्हणजे पुष्कळ. मी ताकाचं भांडं उचललं आणि आत गेले. त्याच हातांनी भात वाढला, भाजी वाढली, वडे वाढले. अण्णा खाली मान घालून तीळ-पाणी सोडत होते. माझ्यापासून दोन हातांवर होते. एकदा त्यांनी वर पाहिलं आणि भुवया उंचावल्या, कुणी आलं का, अशा अर्थी. मी मानेने नाही म्हटलं. भटजी म्हणाले, "रायर, मुलीचा हात सढळ आहे," आणि अक्का कौतुकाने हसली. मी मनाशी म्हणत होते, एवढी खीर वाढून होऊ दे. मग लाडू होऊ देत. मग हात धुवायला पाणी. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या गडबडीत मी विसरले. मी विसरले नव्हते. एक क्षणही विसरले नव्हते.

पिंडांवर पाणी सोडताना अण्णांचा हात मधेच थांबला. आम्हाला नुसता पाऊस ऐकू येत होता, त्यांना पूल ऐकू आला. ते तसेच उठले, बोटात दर्भाचं पवित्रक, अंगाला ओलं धोतर, कोपऱ्यात काढून ठेवलेलं हँडल उचललं आणि धावले. अक्का "अहो, अहो" करत राहिली. मी मागोमाग धावले. नदी पुलाच्या दगडांना लागली होती. ते हँडलवर सगळं अंग टाकत होते. सहा आटे, पाच, चार. चारवर ते थांबलं. एक केळीचा अख्खा गड्डा मुळांसकट येऊन शटरच्या खाली रुतला होता. मीही हँडलला लोंबकळले. आम्ही दोघं त्या चार आट्यांवर कितीतरी वेळ झुंजलो आणि पाणी खालून गावाकडे धावत राहिलं. "हा मुरुगेसन कोठें मेला?" अण्णा ओरडले. तेव्हा सांगायला हवं होतं. मी हँडल ओढत राहिले.

कुणी मेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण कालवा विणकरांच्या आळीत फुटला. तिथे माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेले असतात, विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो. खड्डे आधी भरले. माझ्या वर्गातली सरोजा त्याच आळीत राहायची. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिचे वडील खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून तांब्याने पाणी उपसत होते. मागावर कुणाच्या तरी लग्नाचं कुंकवाच्या रंगाचं पातळ होतं, त्याचा रंग उतरून सगळा खड्डा लाल झाला होता. सरोजा म्हणाली, "तुझे बाबा झोपले होते काय?" मी तिलाही काही बोलले नाही.

चौकशीला साहेब आले ते पुलावरच. मी अण्णांचा डबा घेऊन उभी होते. साहेबांनी मुरुगेसनला विचारलं, निरोप दिलास का. मुरुगेसनने माझ्याकडे पाहिलं. मग तो खाली बघून म्हणाला, "गेलो होतो, साहेब. दारात कोलम नव्हता. आत श्राद्ध चाललेलं. कसं हाकारायचं, म्हणून दारातूनच परत आलो." साहेबांनी लिहून घेतलं. अण्णांना ताकीद मिळाली आणि मुरुगेसनची बदली झाली, खाली समुद्राकडच्या टोकाला, बायकामुलं इथेच ठेवून. साहेबांची जीप गेल्यावर अण्णा त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, मारतात की काय. ते तमिळमध्ये, अगदी हळू म्हणाले, "तुला मी सांगितलं होतं, हाक मार. तुला सांगितलं होतं." मुरुगेसन म्हणाला, "चुकलं, रायर." त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सुट्टीत मुरुगेसन गावी आला की आमच्या ओट्यासमोरून सायकल हळू करून जाई आणि अण्णा पेपर डोळ्यांपुढे धरत. अण्णांना दुसरा मित्र झाला नाही. शुक्रवारची कॉफी ते एकटेच पीत आणि पाण्याविषयी कुणाशी बोलावं हे न कळून कधीकधी माझ्याशी बोलत. ते मला सगळ्यात असह्य होई.

सांगायचे प्रसंग मला थोडे आले नाहीत. लग्न ठरलं तेव्हा आले, अक्का गेली तेव्हा आले, दर सुट्टीत येत. प्रत्येक वेळी मला वाटे, आता इतक्या वर्षांनी त्यांना कशाला त्रास. ही दया नव्हती, भित्रेपणा होता. त्यांच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती आणि त्या भीतीपायी मी त्यांचा मित्र त्यांच्याजवळ जाऊ दिला नाही. गेल्या वर्षी अण्णा गेले. आता त्या पुलावर मोटारीचं शटर आहे, बटण दाबलं की वर जातं, आणि निरोप सगळ्यांच्या फोनवर एकदम येतो. आटे मोजायला कुणी लागत नाही.

तेराव्यानंतर मी पट्टीश्वरमला गेले. मुरुगेसन मुलीकडे राहतो हे ऐकलं होतं. खाटेवर बसलेला, लांब हात गुडघ्यांवर, डोळ्यांत मोतीबिंदू. "कोण?" म्हणाला. मी म्हटलं, "पद्मा. रायरची." तो हसला, डोळे तसेच पूर्ण मिटले. "पाप्पा," तो म्हणाला. माझे केस पांढरे झालेत हे त्याला दिसत नसावं. मी त्याच्या पायांशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, ताकाच्या भांड्यापासून. मध्ये थांबले नाही. त्याने तोडलंही नाही.

"मला ठाऊक होतं तू आत सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "सांगितलं असतंस तर रायर हातातलं टाकून गेले असते. पुलावर वाटलं, लहान आहे, साहेबासमोर कशाला, घरी गेल्यावर सांगेल. मग वाटलं, पोंगलला सांगेल. तुझं लग्न ठरल्याचं ऐकलं तेव्हा वाटलं, जायच्या आधी तरी सांगेल. नोकरीचं मला काही नाही, पाप्पा, नोकरी तिकडेही शटरचीच होती. मी रायरची वाट पाहत होतो."

त्याच्या मुलीने कॉफी आणली. मी पेला हातात घेतला आणि प्यायले नाही.

"शेवटी आजारी होते ना ते," त्याने विचारलं. "तेव्हा सांगितलंस?"

मोतीबिंदूचे ते डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने लागले होते. हो म्हणणं अगदी सोपं होतं. त्याला बरं वाटलं असतं आणि मी कधी पकडलेही गेले नसते. पण त्याच्याशी आणखी एकदा खोटं वागायचं माझ्याने झालं नाही. "नाही," मी म्हटलं.

तो म्हणाला, "म्हणजे रायर गेले ते, मी दारातून परत गेलो असंच समजून गेले."

मी म्हटलं, "हो."